शिक्षा, शाबास आणि नको

तीन रकान्यांचा एक कागद असतो. आमच्या धंद्यात त्याच्याशिवाय पान हलत नाही. कुणी ओरडलं, फेकाफेक केली, चावलं, भिंतीवर डोकं आपटलं, की त्याच्या आधी काय घडलं ते पहिल्या रकान्यात, त्यानं काय केलं ते दुसऱ्यात आणि त्यावर काय झालं ते तिसऱ्यात भरायचं. मी कामाला लागले तेव्हा या कागदाची मराठी प्रत तयारच होती. रकान्यांची नावं होती ‘पूर्ववर्ती उद्दीपक’, ‘लक्ष्यवर्तन’ आणि ‘अनुवर्ती परिणाम’. ज्यानं ती घडवली त्यानं कोश मांडीवर घेऊन घडवली असणार. चुकीचं एकही नव्हतं.

एका आठ वर्षांच्या मुलाच्या आईला मी तो कागद आठवडाभरासाठी दिला. मुलगा स्वमग्न, बोलत नाही, आणि महिनाभरापासून जेवणाची ताटं फेकत होता. कागद परत आला तो तिन्ही रकाने कोरे ठेवून. ‘‘ताई, मला नाही जमलं ते,’’ ती म्हणाली. मी कागद उलटा केला. मागच्या बाजूला बॉलपेननं, बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘मंगळवार. कुकरची दुसरी शिट्टी झाली. ह्याने कानावर हात ठेवले. मग ताट फेकले. आजी ओरडल्या. मी ह्याला आतल्या खोलीत नेले. तिथे गप्प बसला.’ अशा सहा नोंदी. तिन्ही रकाने त्यात होते, रेघा तेवढ्या मारलेल्या नव्हत्या.

हल्ली आम्ही त्या कागदावर ‘आधी काय झालं’, ‘काय केलं’, ‘मग काय झालं’ एवढंच छापतो. आणि मला कागदांबरोबर शब्दही उलटे करून पाहायची खोड लागली.

मी वर्तन विश्लेषक आहे. हे सांगितलं की समोरचा ‘‘म्हणजे मानसोपचार का?’’ असं तरी विचारतो, नाहीतर ‘‘वागणूक सुधारता होय? मग आमच्या ह्यांना घेऊन येते एकदा’’ असं तरी म्हणतो. दोन्ही ऐकून घ्यायची सवय झाली आहे. पण ‘वर्तन’ या शब्दात सुधारण्याचा काही भाव नाही, आणि मला तो शब्द आवडतो तो त्यासाठीच. मूळ धातू ‘वृत्’. त्याचा अर्थ फिरणं, वळणं, आणि त्यातूनच घडत राहणं, असणं. वर्तुळ, आवर्तन, परिवर्तन, प्रवृत्ती, निवृत्ती, वर्तमान, वृत्त, वार्ता ही सगळी त्याचीच पिलावळ. ‘पूर्ववर्ती’ आणि ‘अनुवर्ती’सुद्धा. म्हणजे आमच्या त्या जुन्या कागदाच्या तिन्ही रकान्यांत एकच धातू गरगरत होता आणि आईला त्यातलं काहीच कळत नव्हतं! हाच धातू घरगुती कपडे घालूनही वावरतो. ‘वर्त्मन्’ची झाली वाट, ‘वर्ति’ची झाली समईतली वात आणि ‘वर्तुल’चं झालं वाटोळं. ‘‘ह्याच्या वागण्यानं घराचं वाटोळं झालं’’ असं एक आजोबा मला म्हणाले होते. ते जे मांडत होते ते मी माझ्या मनात वर्तन म्हणून नोंदवत होते. दोघांच्या तोंडी एकाच घराण्यातले शब्द होते.

‘वर्तणूक’ मात्र सरळ नाही. ‘-णूक’ लागली की क्रियेला समाजाचा वास येतो. फसवणूक, मिरवणूक, अडवणूक, सगळ्यांत चार माणसं लागतातच. वर्तणुकीचा दाखला मिळतो, वर्तनाचा कुणी मागत नाही. इंग्रजीतल्या ‘बिहेव्ह’ची जात हीच. ‘धरणं’ या अर्थाच्या शब्दाला जोर देणारा उपसर्ग जोडून तो शब्द झाला, स्वतःला धरून ठेवणं. त्यामुळे इंग्रज आई मुलाला नुसतं ‘बिहेव्ह’ म्हणाली तरी त्याचा अर्थ ‘नीट वाग’ असाच होतो. बी. एफ. स्किनरनं १९३८ साली ‘द बिहेव्हियर ऑफ ऑर्गॅनिझम्स’ हे पुस्तक काढलं, तेव्हा त्यानं त्या शब्दातली सभ्यता काढून टाकली. त्याचे प्रयोग पेटीतल्या उंदरांवर होते. उंदीर दांडी दाबतो, दाणा पडतो. त्यात नीट काय आणि वाईट काय?

‘वागणे’ हा त्याहून मातीतला शब्द. व्युत्पत्तिकार त्याचं नातं ‘वल्ग्’ या धातूशी जोडतात. वल्ग् म्हणजे उसळत, उड्या घेत चालणं, घोडा चालतो तसं. ‘वल्गना’ही त्यातलीच, तिथे जीभ उड्या मारते. मला जास्त धरून ठेवतं ते ‘वागवणे’. ‘‘सून सासूला नीट वागवते’’ इथे तो वर्तणुकीचा शब्द आहे, आणि ‘‘एवढं ओझं कशाला वागवतेस?’’ इथे खांद्याचा. तीस वर्षांच्या मुलीला रोज उचलून न्हाणीत नेणाऱ्या आईच्या बाबतीत यातला कुठला अर्थ घ्यायचा हे ठरवावं लागत नाही.

राहिलं ‘विश्लेषण’. हा शब्द आता टीव्हीवरच्या निवडणूक तज्ज्ञांनी पार गुळगुळीत करून टाकला आहे, पण त्याचा धातू मोठा प्रेमळ आहे. ‘श्लिष्’ म्हणजे चिकटणं, बिलगणं. आश्लेष म्हणजे मिठी. एका शब्दाला दोन अर्थ बिलगले की श्लेष. छातीत चिकटून बसतो म्हणून कफाला आयुर्वेदात श्लेष्मा. आणि विश्लेष म्हणजे मिठी सुटणं, जुन्या संस्कृत काव्यांत प्रेमिकांची ताटातूट. तेव्हा माझं काम काय, तर एकमेकांना घट्ट बिलगून बसलेल्या गोष्टी सोडवणं. कुकरची शिट्टी, फेकलेलं ताट, आजींचं ओरडणं आणि आतली शांत खोली एकमेकांत इतक्या गुंतलेल्या असतात की घरच्यांना त्यांचा एकच गोळा दिसतो. त्या गोळ्याला घरात नाव असतं ‘आकांडतांडव’.

हा शब्द मी रोज ऐकते. ‘‘काही कारण नसताना आकांडतांडव करतो हो.’’ यात पुनरुक्ती आहे, कारण ‘अकांड’ म्हणजेच अवेळी, अवचित, कारण नसताना. तांडव तर शंकराचं. पण शंकराच्या तांडवालाही पुराणात दरवेळी कारण सापडतं. आमच्या सगळ्या विद्येचा पाया म्हणाल तर एवढाच आहे की अकांड तांडव नसतं, आपल्याला त्याचं कांड सापडलेलं नसतं. हुडकायचं कुठे, तेही ठरलेलं आहे. माणूस जे करतो त्यातून त्याला बहुतेक वेळा चारांतलं काहीतरी मिळतं: कुणाचं तरी लक्ष, एखादी वस्तू, कशातून तरी सुटका, किंवा नुसतंच अंगाला बरं वाटणं. ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली हे तपासायची रीत बसवून दिली. आधी कारण ठरवा, मग उपाय. ऐकायला हे इतकं उघड वाटतं की त्याला शास्त्र कशाला म्हणायचं असं वाटावं. पण त्याआधी कित्येक वर्षं उलटंच चाललं होतं, आणि आपल्याकडच्या बऱ्याच घरांत अजून चालतं.

माझंही चाललं होतं. त्या ताट फेकणाऱ्या मुलाच्या घरी पहिल्या भेटीत सगळे एका सुरात म्हणाले, ‘‘लक्ष वेधून घ्यायला करतो.’’ मी ते मान्य केलं. ताट पडलं की आजी ओरडतात, सगळी मान वळवून बघतात, म्हणजे लक्ष मिळतं. मग आता कुणी बघायचं नाही, ओरडायचं नाही, काही झालंच नाही असं दाखवायचं. दहा दिवसांत ताटांची जागा डोकं आपटण्यानं घेतली. ती चूक माझी होती, आणि ती एका वाक्प्रचारामुळे झाली असं आता वाटतं. ‘लक्ष’ म्हणजे खूण, नेम धरायची जागा. लक्ष्य, लक्षण, लक्षात येणं, सगळं त्यातलं. ‘वेध’ म्हणजे भोसकणं. लक्ष वेधणं हा मुळात धनुर्धराचा शब्द आहे, त्यात एक नेमबाज गृहीत धरलेला आहे, मुद्दाम, हिशेबानं बाण सोडणारा. कानावर हात दाबून बसलेल्या मुलाला आम्ही सगळ्यांनी मिळून अर्जुन ठरवला. कागदाच्या मागच्या बाजूनं मला सांगितलं ते वेगळंच: त्याला कुणी बघायला नको होतं, त्याला त्या शिट्टीपासून लांब जायचं होतं. ताट फेकल्यावर आई आत नेते, हे त्याला ठाऊक झालं होतं.

‘ऐकत नाही’ हा असाच एक दुधारी प्रयोग. स्वमग्न मुलांची पहिली तपासणी बऱ्याचदा कानांची होते, कारण हाक मारली तर मूल वळून बघत नाही. ‘‘डॉक्टर, हा ऐकत नाही.’’ कान उत्तम निघतात. चार वर्षांनी तेच वाक्य तीच आई शाळेत म्हणते, ‘‘बाई, हा ऐकत नाही,’’ आणि आता त्याचा अर्थ सांगितलेलं करत नाही असा असतो. ऐकणं आणि मानणं यांत मराठीनं फरक ठेवला नाही. गंमत म्हणजे या मुलाला कुकरची शिट्टी आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ऐकू येत होती.

हट्टाचंही सांगायला हवं. मूळ ‘हठ’, म्हणजे जबरदस्ती, बळाचा वापर. हठयोगात ती स्वतःवरच होते. संस्कृतात बलवान दुबळ्यावर हठ करतो, मराठीत बालहट्ट, स्त्रीहट्ट आणि राजहट्ट असे तीन सांगितले जातात आणि त्यातले पहिले दोन ज्यांच्या हाती बळ नाही त्यांचे. बारा वर्षांच्या मुलीला दोन माणसांनी धरून केस कापायला बसवलं, ती किंचाळली, आणि वहीत नोंद झाली ‘हट्टीपणा’. शब्दाच्या जुन्या अर्थानं त्या खोलीत हठ होता, पण खुर्चीवर बसलेलीकडे नव्हता.

माणसांच्या नावांबद्दल फार लिहिणार नाही, त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. ‘अपंग’चा संस्कृत पूर्वज ‘अपांग’. त्याचा एक अर्थ अवयव नसलेला आणि दुसरा डोळ्याचा बाहेरचा कोपरा, जिथून नायिका कटाक्ष टाकते. ‘विकल’ म्हणजे कला, अर्थात एखादा अंश, कमी असलेला, चतुर्दशीच्या चंद्रासारखा. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये ‘दिव्यांग’ सुचवला आणि २०१६ च्या कायद्याच्या मराठी नावातही तोच बसला. माझ्या ओळखीच्या चाकाच्या खुर्चीतल्या बाई म्हणतात, ‘‘दिव्य काय आहे ते बसस्टॉपवर चढताना कळतं.’’ त्याच कायद्यानं आधीच्या, १९९५ च्या कायद्यातले ७ प्रकार २१ केले, आणि स्वमग्नता त्या यादीत आली ती तेव्हा. ‘मतिमंद’ आता कुणी लिहीत नाही ते बरंच झालं. पण ‘मंद’ बिचारा निर्दोष होता. मंद वारा, मंद समई. शनीलाही मंद म्हणतात, तो सावकाश चालतो म्हणून शनैश्चर, पण पोचतो.

‘स्वमग्न’ मात्र मला खटकतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञानं ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘ऑटिझम’ घडवला, तो वेगळ्याच आजाराच्या एका लक्षणासाठी. १९४३ मध्ये लिओ कॅनरनं ११ मुलांचं वर्णन करताना तो उचलला. मराठीत त्याचं स्वमग्नता झालं. ‘मग्न’ म्हणजे बुडालेला, धातू ‘मस्ज्’, निमज्जनातला. ऐकायला छान, ध्यानस्थ वगैरे. पण शिट्टी, ट्यूबलाइटची गुणगुण, शर्टाच्या मागचं टोचणारं लेबल, शेजारच्या घरातली फोडणी हे सगळं ज्याच्यावर एकदम कोसळतं, तो स्वतःत बुडालेला कसा? बुडत असलाच तर तो जगात बुडत असतो.

आता ज्या शब्दासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते. हिंदी पट्ट्यातल्या एका सहकारी मैत्रिणीनं आमच्या केंद्रातल्या पालकसभेत भाषण केलं, ‘‘हर बच्चे को शिक्षा मिलनी चाहिए।’’ मागच्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला म्हणाल्या, ‘‘बघ, मी म्हणत नव्हते?’’

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. गुजरातीतही आपल्यासारखाच दंडाचा अर्थ आहे. पण आधी काय होतं? ‘शिक्ष्’ हे ‘शक्’ धातूचं इच्छार्थी रूप आहे. जसं ‘पा’पासून पिण्याची इच्छा ती पिपासा, ‘ज्ञा’पासून जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा, तसं ‘शक्’पासून शिक्षा: आपल्याला जमावं, आपण समर्थ व्हावं ही इच्छा. शक्ती, शक्य, सशक्त, अशक्त याच धातूचे. सहा वेदांगांतलं पहिलं शिक्षा, उच्चार जमावेत म्हणून. अपंगत्वाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यानं हा शब्द कपाटात वरच्या फळीवर जपून ठेवायला हवा होता. ‘जमत नाही’ आणि ‘जमावं असं वाटतं’ यांच्यामधली सगळी वाट त्यात आहे. आणि आपण त्याचं काय केलं? शाळेत शिकवायचं म्हणजे छडी हे इतकं ठाम होतं की शेवटी छडीच शब्दाची मालकीण झाली. शिकण्यासाठी वेगळा ‘शिक्षण’ काढावा लागला.

माझ्या विद्येचा इतिहास या एका शब्दाच्या घसरणीसारखा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. १९६८ साली बेअर, वुल्फ आणि रिस्ली या तिघांनी ‘उपयोजित वर्तन विश्लेषणा’ची चौकट मांडणारा निबंध लिहिला. त्याच दशकात लॉस एंजेलिसला इव्हार लोवास स्वमग्न मुलांना बोलायला, हात धुवायला, चित्रं जुळवायला शिकवत होते. घासाघासानं बक्षीस द्यायचे, आणि मूल स्वतःला इजा करू लागलं की ओरडणं, थप्पड, क्वचित विजेचा झटकाही. १९८७ च्या त्यांच्या निबंधात १९ मुलं होती, आठवड्याला ४० तासांहून जास्त शिकवलेली. त्यातली ९ साध्या शाळेच्या पहिलीतून पार पडली. या आकड्यानं जगभरच्या आईबापांना आशा दिली आणि तितकाच वाद पेटवला. पुढे तशा मुलांतली काही मोठी होऊन स्वतः बोलू-लिहू लागली, आणि आम्हाला कसं ‘गप्प हात’ ठेवायला लावलं, डोळ्यांत बघायला लावलं, ते सांगू लागली. स्किनर स्वतः दंडाच्या विरोधात होता. दंडानं वर्तन थांबतं, पण नवं काही शिकता येत नाही, असं त्याचं म्हणणं. गुरूचं न ऐकण्यात आमचाही नंबर वरचा.

आणखी एक जागा दाखवते. मानसशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत स्किनरच्या सिद्धांताला ‘साधक अभिसंधान’ म्हणतात. संस्कृत कोशात अभिसंधानाचे अर्थ पाहिले तर हेतू आणि आसक्ती यांच्याबरोबर फसवणूक हाही दिलेला आहे. ज्यानं हा पारिभाषिक शब्द निवडला त्याच्या मनात ते खचित नसणार. पण आमचे टीकाकार संस्कृत शिकले तर त्यांना आयतं हत्यार आहे.

‘शिस्त’ तर वंशानं आपली नाहीच. ‘शिष्ट’वरून आली असं पुष्कळांना वाटतं, पण ती फारसीतून बंदुकीबरोबर आली, शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. पुन्हा नेमबाज.

फारसीचं ऋण मात्र दुसऱ्या एका शब्दासाठी मान्य करायला हवं. ‘शाबास’. मूळ ‘शाद बाश’, अर्थ ‘आनंदी राहा’. दरबारात कुणी काही छान केलं की हा आशीर्वाद. आम्ही ज्याला ‘प्रबलन’ म्हणतो, वर्तनानंतर असं काही मिळणं की ते वर्तन पुन्हा घडावं, त्याला मराठीत रोजचा शब्द शोधताना मी वर्षभर चाचपडले आणि शेवटी हाच सापडला. कारण पालकांचा आक्षेप ठरलेला असतो: ‘‘ही लाच नाही का हो?’’ लाच हा संस्कृत ‘लंचा’चा वंशज, म्हणजे जुना आहे, आपण काही नवीन शोध लावलेला नाही. ‘आमिष’ म्हणजे मांस, गळाला लावलेलं. फरक मी त्यांना असा सांगते: मूल दुकानात लोळण घेतं आणि गप्प व्हावं म्हणून तुम्ही चॉकलेट काढता, ती लाच, आणि ती लोळण घेण्याला मिळते. मूल हात पुढे करून मागतं आणि म्हणून मिळतं, ती शाबास. लाच घाईघाईनं, टेबलाखालून दिली जाते. शाबास काम झाल्यावर, सगळ्यांसमोर. एका बाबांनी शांतपणे विचारलं, ‘‘आणि त्याला तुमच्या शाबासकीनं आनंद होत नसेल तर?’’ तर ती शाबास नाही. फारसीही तेच म्हणेल.

‘विलोपन’ हाही पाठ्यपुस्तकातला. ज्या वर्तनाला आता काहीच मिळत नाही ते हळूहळू नाहीसं होतं. आधी मात्र वाढतं, विझणारा दिवा मोठा होतो तसं, आणि नेमकं तेव्हाच घरचे हात टेकतात. ‘लोप’ या शब्दाची व्याख्या पाणिनीनं केलेली आहे, आणि त्याच्या लेखी लोप म्हणजे नाश नाही, नुसतं न दिसणं. प्रत्यय लोपतो, पण त्याचं कार्य मागे उरतं. आमच्याकडे तंतोतंत तसंच. सहा महिने न दिसलेलं वागणं एका लग्नघरात, डीजेच्या आवाजात, अचानक परत उभं राहतं आणि आई रडत फोन करते, ‘‘सगळं वाया गेलं.’’ वाया गेलेलं नसतं. पण फोनवर पाणिनी सांगता येत नाही.

शिकवण्यासाठी मराठीत सगळ्यात नेमका शब्द ‘वळण लावणे’. वळण रस्त्याला असतं, अक्षराला असतं, मुलालाही असतं. गुरं वळतात, मूठ वळते. आणि लाडू वळतात. लाडू वळताना पाक गार झाला की वळत नाही, गरम असला की हात भाजतो. आधी नुसता मुटका, मग जरा गोल, मग हाताच्या खोलगट भागात फिरवून फिरवून लाडू. एका मुलीला ब्रश धरायला शिकवताना आम्ही असंच केलं. पहिल्या आठवड्यात ब्रशला हात लावला तरी शाबास, मग उचलला तर, मग ओठांना टेकवला तर. तिचा हात मी धरायची, मग मनगट, मग कोपर, मग नुसती मागे उभी. तिच्या आजीनं आठ दिवस हे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘म्हणजे बेसन भाजून घेताय होय.’’

मोठ्या माणसांच्या बाबतीत वळण हा शब्द मी वापरत नाही. आमच्याकडच्या कार्यशाळेत चौतिशीतले एक गृहस्थ कागदी पिशव्या चिकटवतात. सगळे त्यांना ‘बाळ’ म्हणत, मीही. ‘‘बाळ, ऊठ बरं’’ म्हटलं की ते जागचे हलत नसत, आणि नोंदवहीत ‘सूचना पाळत नाही’ असं चढत असे. एक दिवस नवा वॉचमन पंखा पुसायला आला आणि म्हणाला, ‘‘अहो दादा, जरा सरकता का?’’ ते उठले, खुर्ची उचलली, बाजूला ठेवली आणि परत येऊन त्याची शिडी धरली. मी वहीत ‘आधी काय झालं’च्या खाली लिहिलं: ‘अहो’.

तर तो ताटवाला मुलगा. शिट्टीचं कळल्यावर अर्धं काम आईनंच केलं, भात तो शाळेतून यायच्या आधी लावून टाकला. पण जगात कुकर एकच नसतो. १९८५ मध्ये कार आणि ड्युरँड या दोघांनी दाखवलं होतं की मूल जे ओरडून, मारून मिळवतं तेच मागायची सोपी रीत त्याला दिली की ओरडणं, मारणं कमी होतं. तेव्हा याला एक शब्द द्यायचा होता, कार्डावरचा. तयार संचात इंग्रजी ‘नो’चं मराठी कार्ड होतं ‘नाही’. मी ते हातात घेतलं आणि अडले. इंग्रजीचा एक ‘नो’ आपल्याकडे तीन घरांत राहतो. दूध आहे का? नाही. हे दूध आहे का? नव्हे. दूध हवं का? नको. पहिल्यात वस्तूची हकीकत, दुसऱ्यात ओळख, आणि तिसऱ्यात फक्त माझं मन. हिंदीला त्यासाठी ‘नहीं चाहिए’ अशी दोन शब्दांची कसरत करावी लागते. कोकणीत ‘नाका’ आहे, आणि हैदराबादच्या दखनीनं तर ‘नक्को’ मराठीतून उचलून स्वतःचाच करून टाकला. दोन अक्षरांत मनासारखं नसल्याची नोंद करणारा असा शब्द हाताशी असताना आम्ही मुलांना ‘नाही’ शिकवत होतो!

आम्ही ‘नको’चं कार्ड केलं, तळहात पुढे केलेलं चित्र आणि खाली ठळक अक्षरं. मिक्सर लावला, त्यानं कार्ड दिलं, मिक्सर बंद. तीन आठवड्यांत त्याला ते नीट उमगलं, आणि मग घरात खरी पंचाईत झाली. आजींनी पापा घ्यायला तोंड पुढे केलं, नको. केस विंचरायला घेतले, नको. मी शाबासकीचा स्टिकर काढला, त्यानं कार्ड माझ्या मांडीवर ठेवलं. मी स्टिकर पर्समध्ये टाकला. ‘‘आता हा सगळ्यालाच नको म्हणतो, ताई,’’ आजी म्हणाल्या, ‘‘हे काय शिकवलंत?’’ औषधाला आणि रस्ता ओलांडताना हात धरण्याला नको चालणार नाही, ते वेगळं शिकवायचं होतं. बाकीच्याला चालायलाच हवं होतं.

पुढच्या आठवड्याच्या कागदावर आईनं या वेळी रकान्यांतच लिहिलं होतं. आधी काय झालं: ‘भेंडी वाढली.’ काय केलं: ‘नको दिले.’ मग काय झालं: ‘भेंडी परत कढईत. ताट जागेवर.’